मुलांच्या आवडीनिवडी आणि घरची चूल

"खाईन तर तुपाशीं, नाहीं तर उपाशीं" ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं हट्टी माणसाला उद्देशून केली असावी. पण अलीकडे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पुष्कळ घरीं ती लहान मुलांना तंतोतंत लागू पडतांना दिसते. कोणाला भोपळा नको, कोणाला पालेभाजी नको, कोणाला उसळीकडे पाहवतहि नाहीं. मग आई तव्यावर दुसरें कांहींतरी टाकते, झटपट होणाऱ्या शेवया उकळते, किंवा वडील कोपऱ्यावरून वडापाव आणतात आणि तेवढ्यापुरती घरांत शांतता होते. ही शांतता विकत घेण्यासाठीं कोण काय मोजतें, हा प्रश्न आम्हांला पालकांपुढें आणि विद्यार्थिमित्रांपुढेंहि मांडावयाचा आहे.

पहिली किंमत पैशाची. १० रुपयांच्या वेफरच्या पाकिटांत साधारणपणें २५ ते ३० ग्रॅम माल असतो. म्हणजे किलोला ३०० रुपयांहून अधिक भाव पडला. तेवढ्या रुपयांत मूग, मटकी किंवा शेंगदाणे किलोहून जास्त येतात आणि चार माणसांच्या कुटुंबाला कित्येक दिवस पुरतात. साधें जेवण गरिबाचें आणि पाकीट श्रीमंताचें, असा जो समज मुलांत पसरला आहे, तो हिशेबापुरता तरी अगदीं खरा आहे.

दुसरी किंमत रुपयांत मोजतां येत नाहीं. मुलानें पानांत टाकलेलें कोण खातें? बहुधा आई. वेगळा पदार्थ करीत असतां ज्याचें जेवण निवून जातें, तें कोणाचें? तेंहि तिचेंच. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगीं रक्त कमी आढळलें. पांच वर्षांखालील मुलांत हेंच प्रमाण शेंकडा ६७ होतें. या आंकड्यांचा सारा दोष जेवणाच्या हट्टावर लादणें न्यायाचें होणार नाहीं; त्याला दारिद्र्यादि अनेक कारणें आहेत. परंतु ज्या घरांत पहिला घांस हट्ट करणाऱ्याला आणि शेवटचा आईला, असा क्रम पडून गेला आहे, तेथें दोघांचेंहि पोषण अपुरें राहतें. आणि हा हट्ट बहुधा मुलग्याचाच पुरविला जातो. मुलीनें तेंच केलें तर "सासरीं कसें व्हायचें?" म्हणून तिला गप्प बसवितात. एकाच चुलीपाशीं असे दोन कायदे असूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर पालक म्हणतील, "अहो, त्याला आवडतच नाहीं, त्याला आम्ही काय करावें?" पण आवड ही नाकाडोळ्यांसारखी जन्माबरोबर येते काय? आमच्या मुलांचा जीव कीं प्राण असलेला बटाटा दक्षिण अमेरिकेंतला. तो पोर्तुगीजांबरोबर इकडे आला, आणि "बटाटा" व "पाव" हे दोन्ही शब्दहि त्यांचेच. वड्यांतली मिरचीसुद्धां अमेरिकेकडचीच पाहुणी. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला, आणि १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत रेशनिंग सुरू झालें. भातावांचून जेवण झालें असें न मानणाऱ्या कोंकणी कुटुंबांच्या पिशव्यांत गहूं आणि भरड धान्यें पडूं लागलीं. आज तशाच कुटुंबांतील मुलांच्या डब्यांत रोज पोळी असते आणि तिचें कोणाला नवल वाटत नाहीं. पुढें १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेली मिलो ज्वारी महाराष्ट्रानें नाक मुरडीत कां होईना, पण खाल्ली. तसे दिवस पुन्हां यावेत असें कोण म्हणेल? जीभ शिकविली तर शिकते, एवढेंच आम्हांला यांतून दाखवावयाचें आहे.

ती कशी शिकते याविषयीं एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेंतील डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनीं १९२६ पासून कांहीं वर्षें १५ लहान मुलांपुढें तीसहून अधिक साधे पदार्थ ठेवून त्यांना आपल्या मनानें खाऊं दिलें. आग्रह नाहीं, दटावणी नाहीं. मुलें चांगलीं सुदृढ झालीं. यावरून कोणी म्हणेल, मुलांना हवें तें खाऊं द्यावें. पण १९३९ सालीं डेव्हिसबाईंनीं स्वतःच सांगितलें कीं, यांतली खरी मेख पदार्थांच्या यादींत होती. त्या यादींत साखर किंवा गोडधोड मुळींच नव्हतें. म्हणजे पानांत काय वाढावें तें वडील माणसांनीं ठरवावें, आणि किती खावें तें मुलाच्या भुकेवर सोडावें. मागाहून झालेल्या अभ्यासांत असेंहि दिसून आलें आहे कीं, नवा पदार्थ मुलाच्या अंगवळणीं पडण्यास तो आठ-दहा वेळां, कधीं कधीं पंधरा वेळांहि पुढें करावा लागतो. आपण मात्र दोनदां नकार ऐकला कीं, "याला चालत नाहीं" असा शिक्का मारून मोकळे होतों.

आतां प्रत्यक्ष पानाकडे वळूं. उपनगरांच्या बाजारांत स्वस्त व सकस अन्नाची वाण नाहीं. पावसाळा सुरू झाला कीं आदिवासी बायका टाकळा, कुरडू, शेवळें अशा रानभाज्या घेऊन बोरिवलीच्या बाजारांत बसतात. मासे खाणाऱ्यांना वेसाव्याच्या कोळणींकडे मांदेली, जवळा, सुके बोंबील मिळतात; पापलेटाच्या मानानें हे कितीतरी स्वस्त. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. त्यांपैकीं आपली नाचणी पाहा. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर तितक्याच गाईच्या दुधांत सुमारें १२०. सकाळीं नाचणीची आंबील, रात्रीं मुगाच्या डाळीची खिचडी, तींत लाल भोपळ्याच्या फोडी व मूठभर चिरलेला पाला, सोबत ताक. एवढ्यावर सारें घर जेवतें. तांदळाच्या प्रथिनांत जें उणें असतें तें डाळ भरून काढते, आणि डाळींतलें उणें तांदूळ. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलें तर तींतलें लोह अंगीं अधिक लागतें. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर तो त्या लोहाच्या आड येतो.

नावडती मेथी थालिपिठांत घालावी काय? अवश्य घालावी; पण मुलाला सांगून घालावी. लपवून खाऊं घालण्याच्या युक्तीवर आमचा फारसा विश्वास नाहीं. तिनें एक जेवण साधतें, पण मेथीशीं ओळख होत नाहीं. त्यापेक्षां पानांत मुलाच्या आवडीचा एक पदार्थ ठेवावा, नावडत्याचा एकच घांस वाढावा, आणि तो खाल्ला न खाल्ला याची चर्चा करूं नये. मारून मुटकून भरविलेल्या घासाची शिसारी मोठेपणींहि जात नाहीं.

यावरचा एक आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. आई आणि वडील दोघेंहि लोकलच्या गर्दींतून रात्रीं आठ-नऊला घरीं पोंचणार. त्यांनीं मुलांच्या पानाशीं बसावें केव्हां? रोज जमणार नाहीं हें उघड आहे. पण शाळा सुटल्यावर पांच वाजतां पाकिटाऐवजीं केळें, किंवा चणे-शेंगदाणे व गूळ असे हाताशीं ठेवतां येतात, आणि त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत कांहीं न देणें हेंहि साधतें. "भुकेला कोंडा, निजेला धोंडा" असें म्हणतात तें खोटें नाहीं. भूक लागूं दिली तर निम्मा हट्ट आपोआप ओसरतो. निदान रविवारीं तरी सर्वांनीं एका पंगतीला बसावें, आणि त्या पंगतींत वडिलांनीं कारलें बाजूला सारूं नये. मुलें उपदेशापेक्षां पानाकडे अधिक पाहतात. मात्र एखादें मूल घांस घेतांच ओकारी देत असेल, त्याचें वजन वाढत नसेल, किंवा त्याला दोन-तीन पदार्थांपलीकडे कांहींच जात नसेल, तर तो हट्ट समजूं नये. त्याला डॉक्टरांना दाखवावें.

शेवटीं विद्यार्थिमित्रांना दोन शब्द. ही भाजी निवडण्यास किती वेळ लागतो हें तुम्ही एकदां स्वतः बसून पाहा. शेंगा सोला, कोथिंबीर निवडा, भावांनीं आणि बहिणींनीं सारख्याच. जें आपल्या हातून झालें, त्याची चव घेऊन पाहावीशी वाटतेच. आणि उद्यां "मला दुसरें कांहीं तरी दे" असें म्हणण्यापूर्वीं आईचें पान वाढलें आहे कीं नाहीं, तेवढें पाहा. तें वाढलेलें नसेल तर आधीं तें वाढा, मग आपल्या पानाशीं बसा. एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतों.