‘डायरेक्ट’ करून टाकूया!

आमच्या मालवणच्या बाजूला गॅरेजात गेलात की एक शब्द हमखास कानावर पडतो, ‘डायरेक्ट’. रेडिएटरचा पंखा चालू होत नाही? "गुरुजी, डायरेक्ट करून टाकतंय, मगे काय कटकटच नाय." म्हणजे काय, तर पंख्याकडे जाणारी मूळ वायर तोडायची, बॅटरीपासून नवी वायर ओढायची आणि स्टिअरिंगखाली कुठेतरी एक बटण बसवायचं. पंखा फिरला, गिऱ्हाईक खूश, पैसे दिले, गाडी गेली. मंडळी, मला या शब्दाची चीड येते, आणि आज त्याच्याविरुद्ध लिहायचंच असं ठरवून बसलो आहे.

मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. इंजिनाशी माझा संबंध आला तो निवृत्तीनंतर छोटी गाडी घेतली म्हणून. पण सगळी नोकरी मुलांकडून वाक्यपृथक्करण करून घेण्यात गेली. आधी क्रियापद शोध, मग कर्ता सापडतो, मग बाकीचे शब्द आपापल्या जागी बसतात. न फिरणाऱ्या पंख्याचंही असंच पृथक्करण करता येतं. त्याला पदवी लागत नाही, अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणाला द्यायचा नाही, हे खरं दुखणं आहे.

जरा मागे जाऊ. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू, त्यात शोधायचं काही नव्हतं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्यात इंजिन आडवं बसवलेलं होतं. आडव्या इंजिनाचा पट्टा येतो गाडीच्या बाजूला, आणि रेडिएटर तर पुढे, वाऱ्याच्या तोंडाला. मग पंख्याला स्वतःची विजेची मोटर आली आणि ती केव्हा फिरवायची हे ठरवायला उष्णता ओळखणारा स्विच आला. पुढे त्याची जागा सेन्सरने घेतली. आज बहुतेक सगळ्या लहान गाड्या अशाच आहेत.

म्हणजे सतत फिरत राहणं हा या पंख्याचा धर्मच नव्हे! सकाळी गार इंजिन चालू करून "बघा, पंखो फिरना नाय" म्हणणारे मी पाहिले आहेत. अरे बाबा, तो फिरायचाच नाही आता. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो आणि इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जातं. पंखा त्याच्याही नंतर, बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० च्या आसपास सुरू होतो. कसालहून मालवणला येताना समोरचा वाराच पुरतो. मे महिन्यात बाजारपेठेत पर्यटकांच्या गाड्यांत अडकलात की वारा थांबतो, तिथे पंख्याची गरज. म्हणून चालत्या गाडीत काटा जागेवर आणि उभ्या गाडीत वर, असं दिसलं तर पंख्यावर संशय घ्यावा. दोन्ही वेळा वर जात असेल तर आधी दुसरीकडे बघावं. (अलीकडे बऱ्याच लहान गाड्यांतून हा काटाच काढून टाकला आहे, नुसता लाल दिवा ठेवला आहे. म्हणजे ताप १०४ झाल्यावर थर्मामीटर दाखवणार! असो.)

आता पृथक्करण. पहिलं, पाणी. इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून बघायचं. गरम असताना मुळीच नाही, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभराच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, आणि झाकण सैल होताच तोंडावर उसळतं. पाणी कमी असेल तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो. इंजिन भाजतंय आणि सेन्सरला पत्ताच नाही, मग पंख्याला हुकूम देणार कोण? इथे पंखा निर्दोष आहे. गळती शोधायची.

दुसरं, एसी लावून बघायचा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरतो. फिरला तर मोटर आणि तिची वायर ठीक, संशय सेन्सरवर. नाहीच फिरला तर फ्यूज. फ्यूज उडालेला असेल तर तो का उडाला हे विचारायचं, मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालायची नाही. मग रिले. त्याच नंबरचा रिले पुष्कळदा हॉर्नलाही असतो, तो काढून इकडे लावून बघायचा, खर्च शून्य. शेवटी मोटरचा प्लग काढून तिला बॅटरीचे दोन धागे लावायचे. इथे मात्र जरूर डायरेक्ट करावं, पण प्रश्न विचारण्यापुरतं. फिरली तर दोष वायरीत. नाही फिरली, आणि हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर फिरली, तर आतले कार्बन झिजलेत. (हात पात्यांपासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुटतो.)

आणि आपल्या किनाऱ्यावर यात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे खारा वारा. देवबाग, तारकर्ली, वायरीच्या गाड्यांचे प्लग उघडून बघा, आत हिरवट बुरशीसारखं चढलेलं दिसेल. अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो. मोटर चांगली, रिले चांगला, पण विजेला परतीची वाटच नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजात "अख्खी फॅन असेंब्ली बदलूची लागतली" असं सांगितलं होतं. शेवटी निघालं काय? बोल्ट. पॉलिश पेपरने घासला, ग्रीस लावलं, झालं.

आता डायरेक्टमध्ये वाईट काय ते सांगतो. पंख्याची मोटर दहा-वीस अँपिअर सहज ओढते. म्हणून तर कंपनीने मध्ये रिले आणि फ्यूज ठेवलेले असतात. घरगुती बारीक वायर आणि साधं बटण एवढं ओझं वाहत राहिलं की तापतं. त्यात खाऱ्या वाऱ्याने मोटरचं बेअरिंग जाम झालं तर ती आणखी कितीतरी जास्त वीज ओढते, आणि फ्यूज नसेल तर जळायला उरते ती वायरच. बॉनेटखाली, पेट्रोलच्या नळ्यांशेजारी. शिवाय बटण दाबायचं माणसाने, आणि माणूस विसरतो.

आमच्या वाडीतला एक मुलगा कर्जाच्या गाडीवर पर्यटकांची भाडी मारतो. गाडी असंच बटण लावलेली. एक दिवस त्याला ताप आला म्हणून बदली ड्रायव्हर गेला, त्याला बटणाचा पत्ताच नव्हता. आंबोलीच्या घाटात, रांगेत उभ्या गाडीचं पाणी उकळलं, हेड वाकलं, गॅस्केट गेलं. ऐन सीझनचे तीन आठवडे गाडी उभी, आणि बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. हे कोणाच्या खात्यावर मांडायचं?

कोणी म्हणेल, गुरुजी, खेड्यातल्या पोराकडे कुठलं स्कॅनर यंत्र? तुम्ही मोठ्या सर्व्हिस सेंटरात जा. गेलो होतो. तिथे संगणक पी-०४८० असा कोड दाखवतो आणि साहेब पंखा बदलायला सांगतात. त्या कोडचा अर्थ पंख्याच्या नियंत्रणाच्या सर्किटमध्ये बिघाड एवढाच आहे. पंखा मेला असं तो म्हणत नाही. आमची मुलं गाईडमधलं उत्तर प्रश्न न वाचता उतरवायची, त्यातलाच हा प्रकार, फक्त वातानुकूलित. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे टेस्ट लॅम्प लावायला शिकवतात. बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, एवढंच ते यंत्र. ते शिकलेली पोरं गॅरेजात आल्यावर का वापरत नाहीत?

तर त्याचं उत्तर मला एका जुन्या विद्यार्थ्यानेच दिलं. तो कुडाळकडे गॅरेज चालवतो. म्हणाला, "सर, तासभर शोधून बोल्ट घासलो तर लोक म्हणतत, ह्याचे कसले पैसे? पार्ट खय बदललंस? पार्ट बदललो तर मुकाट देतत." याच्यावर मला बोलता येईना, कारण हे शंभर टक्के खरं आहे. डॉक्टरला नुसती नाडी बघायचे पैसे देतो, वकिलाला सल्ल्याचे देतो, आणि मेकॅनिकने डोकं चालवलं की आपण घासाघीस करतो.

मी त्याला म्हटलं, तू बिल कर. पार्ट आणि लेबर अशा दोनच ओळी असतात ना, त्यांच्या वर तिसरी काढ, ‘दोष काय होता’. त्यात एक वाक्य लिही आणि त्या शोधण्याचे दोनशे रुपये लाव. त्याने नवं बिलबुक छापून घेतलं आहे. पहिल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं भांडून गेली. एक मात्र बिल घेऊन परत आलं, त्यावरचा फ्यूजचा नंबर नीट वाचता येत नाही म्हणून.