गाडीचा डोळा झाकू नका

मैत्रिणींनो, नवी गाडी दारात आली की आपण काय करतो? ओवाळतो, नारळ फोडतो, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो नि आरशाला हार घालतो. त्यात वावगं काहीच नाही. पण गेल्या चतुर्थीला अशाच एका हारापायी आमच्या घरची माणसं थोडक्यात बचावली, म्हणून आज मोदकांची उकड बाजूला ठेवून हे लिहायला बसले.

माझा पुतण्या बायकोमुलासह मुंबईहून मालवणला येत होता. गाडी नवी; समोर काही आडवं आलं तर आपणहून ब्रेक लावणारी. कणकवलीला गणपतीसाठी हार घेतले, त्यातला झेंडूचा एक जाडजूड हार सूनबाईने हौसेने आरशाला अडकवला. कसालला महामार्ग सोडून मालवणच्या रस्त्याला लागले तेव्हा तिन्हीसांज झालेली, पावसाची भुरभुर चालू. वळणावर म्हशी बसलेल्या. गाडी थांबेल म्हणून हा पठ्ठ्या क्षणभर वाट पाहत राहिला आणि गाडी काही थांबेना! सूनबाई किंचाळली तेव्हा याने ब्रेक दाबला. गाडी जांभ्याच्या गडग्याला घासून उभी राहिली. मागे पट्टा न लावता बसलेल्या सात वर्षांच्या नातवाचा ओठ फुटला.

‘कॅमेरा झाकला आहे’ अशी सूचना पडद्यावर केव्हाची येत होती. ती कुणी वाचलीच नाही. सगळं ऐकून सासूबाई एवढंच म्हणाल्या, “गाडयेक डोळो आसा म्हणान तू आपले डोळे मिटतलंस काय रे?”

हा डोळा म्हणजे पुढच्या काचेला आतून, आरशामागे बसवलेला छोटासा कॅमेरा. त्याला दिसेल ते गाडीतला संगणक तपासतो. ही मोटार, हा माणूस, हा रस्त्यावरचा पांढरा पट्टा, असं त्याला असंख्य छायाचित्रं दाखवून आधी शिकवलेलं असतं. समोरची गाडी चित्रात किती भराभर मोठी होतेय यावरून धडक किती सेकंदांवर आली हे तो ताडतो. आधी आवाज करून सावध करतो, ऐकलं नाही तर ब्रेक लावतो. पुष्कळ गाड्यांना जोडीला रडारही असतं. अंधारपावसाचं त्याला एवढं वाटत नाही, पण समोर नेमकं काय आहे ते ओळखायचं काम मुख्यत्वे कॅमेऱ्याचंच.

आता परदेशातल्या आखीव रस्त्यांवर शिकलेल्याला आपली रिक्षा आणि रस्त्यात रवंथ करणारी म्हैस कशी ठाऊक असणार? म्हणून तर हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेने २०१८ साली हैदराबाद-बंगळूरकडच्या रस्त्यांची सुमारे १०,००० चित्रं जमवली आणि त्यांत रिक्षा, जनावरं वेगळी दाखवून दिली. आपल्या नागपुरात २०२१ मध्ये ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला, तो महापालिकेच्या बसगाड्यांवर असे कॅमेरे बसवून. चालकाला इशारा मिळावा आणि इशारे वारंवार कुठे होतात ते पाहून रस्त्यातल्या धोक्याच्या जागाही कळाव्यात, ही कल्पना मला फार आवडली.

कोकणात मात्र या डोळ्याची परीक्षाच! मुसळधार पाऊस, चिखलाने पुसलेले पट्टे, समोरून येणारे झगझगीत दिवे. त्यात आपल्या किनाऱ्यावर काचेवर खाऱ्या हवेचा चिकट थर बसतो, तो वेगळाच. काच कोरड्या फडक्याने घासू नका, वाळूने चरे पडतात. आधी भरपूर पाणी ओता, मग मऊ ओल्या फडक्याने पुसा. वायपरचं रबर पावसाळ्याआधी बदलून घ्या. आतून कॅमेऱ्याच्या डबीला हात लावू नका, आणि आरशाजवळ देवाचं चित्र, लिंबू-मिरची काही नको. काच फुटून नवी बसवली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. खर्च वाचवायला यजमान ते टाळत असतील तर तेवढा वाद जरूर घाला! आणि हो, गाडी आपणहून ब्रेक लावते तेव्हा मागची माणसंच पुढे आदळतात. मागच्या सीटवरही पट्टा हवा.

दसऱ्याला सूनबाईने हार आरशाऐवजी पुढच्या जाळीला बांधला, तर त्यांच्या गाडीत तिथे रडार! आता पूजेपुरता हार घालतात आणि किल्ली फिरवण्याआधी उतरवून देवघरात ठेवतात.