केरसुणीला डोळे कुठे असतात?

‘हे चित्र काही कळत नाही बुवा!’ हे वाक्य आम्हां इंदूरकर मराठी मंडळींच्या तोंडी मी इतक्यांदा ऐकले आहे, की एकदा त्याचा समाचार घेणे भाग आहे. त्यातून चित्राखाली महाभारताचे नाव असावे आणि चित्रात मुकुट, भाता काहीच दिसू नये, मग तर विचारूच नका. ‘आमची पुराणे विलायती करून टाकली!’ असा ठपका तयार असतो.

वाचकहो, विलायती काय आहे ते आधी पाहू. घरोघरच्या भिंतींवरील देवादिकांच्या तसबिरी पसरल्या त्या १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाल्यावर. ते छायाप्रकाशाचे तंत्र युरोपच्या तैलचित्रांचे. आता देवघरात डोकवा. सुपारीचा गणपती, कलशावरच्या नारळाची देवी, नर्मदेतला बाण म्हणजे महादेव. अहिल्याबाईंच्या तळहातावरील पिंडीला नाकडोळे आहेत काय? शेंदराच्या दगडाला मारुती म्हणताना आपल्याला कोणी अर्थ समजावून द्यावा लागतो काय?

हीच नजर कागदावर उतरवणारे लोक आमच्या गावात घडले. द. दा. देवळालीकरांनी १९२७ साली इंदूरला चित्रशाळा काढली. ना. श्री. बेंद्रे तिथले विद्यार्थी, आणि पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही तिथलेच. हुसेन यांनी १९७१ साली ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या प्रदर्शनात महाभारत मांडले. त्याच प्रदर्शनाला पिकासोही निमंत्रित होते. त्या मालिकेतल्या एका चित्रात गंगा आणि जमुना झुंजतात. भाऊबंदकीचे युद्ध सांगायला याहून अधिक काय हवे?

हुसेन म्हणताच १९९६ चा वाद पुढे येईल. त्यांच्या काही चित्रांनी अनेकांची मने दुखावली, हे मी नाकारत नाही. त्यावर खुशाल भांडावे. पण त्या भांडणापायी महाभारताची चित्रे न पाहताच मोडीत काढणे, हा कुठला न्याय? आणि देवळालीकरांचे नावही आमच्या मुलांना ठाऊक नसावे, याचे खापर कोणावर फोडायचे?

सीमाभागात काय नि माळव्यात काय, आपली मुले दोन भाषांत वाढतात. एका वस्तूला दोन नावे असतात, हे त्यांना पाळण्यापासून कळते. देवाला दुसरे रूप असू शकते, हे त्यांना मुळीच जड जाणार नाही. जड जाते ते आपल्याला.

यंदा लक्ष्मीपूजनाला केरसुणीवर हळदकुंकू वाहाल, तेव्हा मुलांना जवळ बोलवा आणि विचारा, ‘हिचे डोळे कुठे आहेत?’ त्यांचे उत्तर ऐका. मग त्यांना घेऊन चित्रांपुढे उभे राहा.