शांत बसायचे ते आम्हीच?

शिक्षक-प्रशिक्षणात अलीकडे 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द फार ऐकू येतो. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. स्वतःच्या भावना ओळखा, आवरा, दुसऱ्याच्या समजून घ्या, एवढाच तिचा गाभा. ऐकायला गोड आहे. पण शाळेच्या नियोजन बैठकीत ही बुद्धिमत्ता कोणाकडून मागितली जाते, हे आपल्या शिक्षकांना विचारा!

जूनमध्ये शिक्षक एकत्र बसून घटक, तासिका, उपक्रम ठरवतात. कोणीतरी सुचवतो, 'मुलांनी आपल्या आजोबांच्या व्यवसायाची माहिती लिहून आणावी.' सगळ्यांना पसंत. ज्याच्या आजा-पणजाने गावची मेलेली ढोरे ओढली, त्या पोराने भर वर्गात काय वाचायचे? एखादी बौद्ध शिक्षिका हे विचारते. लगेच उत्तर येते, 'मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता.' मुख्याध्यापक समजुतीच्या सुरात म्हणतात, 'जरा शांतपणे घ्या.' म्हणजे राग आवरायचा तो तिनेच. दुसऱ्याच्या भावना समजून घेण्याचा धडा बाकीच्यांना लागू नाही! वास्तविक तिने बैठकीत आकांडतांडव केलेले नसते. इतरांना ठाऊक नसलेली वर्गातली एक वस्तुस्थिती तिने सांगितलेली असते. 'गावातील कोणत्याही एका कष्टाच्या कामाची माहिती' असा विषय केला तर दोन मिनिटांत प्रश्न सुटतो. मग ते पोर हवे तर आजोबांवरच लिहील आणि ताठ मानेने लिहील. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावोगाव ढोरे ओढायला नकार देणाऱ्यांचाही तो वारस आहे.

कामांची वाटणी पाहा. प्रयोगशाळा, परीक्षा विभाग त्यांच्याकडे. शिष्यवृत्तीचे अर्ज, १४ एप्रिल, संविधान दिन आमच्याकडे. बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, म्हणून २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस आहे. साऱ्या विद्यार्थ्यांचा दिवस! तोही एकट्या कांबळे सरांच्याच नावावर का?

आपल्या शिक्षकांनी असा आक्षेप पर्यायी उपक्रमासह बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लावावा. तोंडी बोललेले दुसऱ्या दिवशी 'चिडचिड' ठरते. आणि आपल्यातले जे आता मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख झाले आहेत, त्यांनी भटक्या-विमुक्तांतून आलेल्या नव्या शिक्षणसेवकाला बैठकीत आधी बोलू द्यावे. त्यालाही 'शांतपणे घ्या' असे सांगणारे आपल्यात आहेतच.