ठसका विसरू नका



संक्रांत आली की आमच्या मानवतला घरोघरी बोरन्हाणाची धांदल उडते. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि लेकराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, शेंगदाणे, गोळ्या. भोवतीची पोरं लुटतात, खिदळतात आणि खिदळता खिदळता हाती लागेल ते तोंडात टाकतात. आपण कौतुकानं बघत असतो.

दोन वर्षांमागं अशाच एका बोरन्हाणात माझ्या धाकट्या जावेच्या लेकीला ठसका लागला. पोर जेमतेम दोन वर्षांची. तोंड लालबुंद झालं, डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी डोक्यावर थोपटलं, "वर बघ, चिमणी बघ!" दोन मिनिटांत पोर पुन्हा खेळायला लागली. मीच म्हणाले, "गेला बाई एकदाचा दाणा खाली!"

चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला, मग ताप. औषध झालं, उतार पडला, पुन्हा खोकला. तिसऱ्या आठवड्यात मोठ्या गावच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "उजवीकडं हवा कमी जातेय. खाताना कधी ठसका लागला होता का?" जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. भूल देऊन, श्वासनलिकेत दुर्बीण घालून अर्धा शेंगदाणा काढला. पोर आज ठणठणीत आहे. पण जे सांगायला हवं होतं ते मला ठाऊक होतं आणि मी विसरून गेले होते, ही टोचणी काही जात नाही.

घशातून अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी निघतात. हसताना, रडताना, पळताना श्वास जोरानं आत ओढला जातो, आणि तोंडातला दाणा चुकीच्या वाटेला लागतो. उजवीकडची वाट जास्त रुंद आणि सरळ, म्हणून तो बहुधा तिकडेच जातो. एकदा तिथं बसला की ठसका थांबतो. आपण म्हणतो, "बरं वाटलं"; खरं तर ती फसवी शांतता असते. दाणा एक्स-रेत दिसत नाही. म्हणून आईनं सांगितलेली हकीगतच डॉक्टरांच्या कामी येते.

पूर्वी असं काही अडकलं की बहुधा देवावर हवाला. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियन या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतलं हाड नळी घालून काढलं, तिथून ही विद्या सुरू झाली. अमेरिकेतल्या शेव्हालिए जॅक्सन यांनी लोकांच्या घशातून, नळ्यांतून काढलेल्या २००० हून अधिक वस्तू जपून ठेवल्या. सेफ्टी पिना, बटणं, नाणी, खेळण्यांचे तुकडे! फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये त्या आहेत. आणि लांब कशाला? २०२४ साली मुंबईच्या वाडिया रुग्णालयात कोकणातल्या सात महिन्यांच्या बाळाच्या श्वासमार्गातून खेळण्यातल्या मोबाइलचा इवलासा एलईडी दिवा निघाला. त्या बाळालाही आधी खोकला-तापच होता.

नाकाचंही तसंच. चिंचोका, हरभरा, मणी, आमच्याकडं कपाशीची सरकी. पोरं काय वाट्टेल ते नाकात घालतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती सर्दी समजू नका. आकड्यानं कोरू नका, वस्तू आणखी आत जाते. पाणीही सोडू नका. हरभऱ्यासारखी बी फुगून घट्ट बसते. घड्याळाचा गोल सेल नाकात किंवा पोटात गेला असेल तर घटकाभरही थांबू नका. काही तासांत आतली कातडी जळते.

आणि आपण? पदर लावताना सेफ्टी पिन दातांत, शिवताना टाचण्या ओठांत! तेवढ्यात कुणी हाक मारली की आपण बोलायला तोंड उघडतो. मी आता मनगटाला टाचण्यांची छोटी गादी बांधते.

ठसका लागलेलं लेकरू जोरानं खोकत असेल तर खोकू द्या, पाणी किंवा केळं देऊ नका. पण खोकता येत नाही, आवाज फुटत नाही, ओठ निळे पडताहेत असं दिसलं तर क्षणाचाही उशीर नको. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन खांद्यांच्या मधे तळहातानं ५ थापा मारा; मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबा. त्याहून मोठ्याला पुढं वाकवून पाठीत ५ थापा. मग मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर असे ५ हिसके. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीनं हेच. तोंडात न बघता बोट घालू नका. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगा. लेकरू शुद्ध हरपलं तर छाती दाबून कृत्रिम श्वास द्यावा लागतो. हे आधीच एखाद्या जाणत्याकडून शिकून घ्या.

बोरन्हाण बंद करा असं मी म्हणणार नाही, सासूबाई घरात घेणार नाहीत! पण यंदा आम्ही लेकरांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. खाऊ नंतर, पंगत बसवून. पाच वर्षांखालच्यांना अख्खा दाणा नाही. कूट करून लाडवात. लूट कमी झाली, पण कुणी रुसलं नाही.

आणि कधी ठसका लागलाच, तर दिवस लक्षात ठेवा. मागाहून खोकला धरला तर डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य तेच सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.