जाहीर आवाहन : दिवाळीच्या झाडलोटीत घरचा संगणकही घ्यावा

घरातला संगणक मंद चालू लागला की पहिला ठपका व्हायरसवर बसतो, आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो. पाच-सात वर्षे वापरलेला संगणक रेंगाळतो तो साध्या कारणांनी : आत साचलेली धूळ, भरत आलेली हार्ड डिस्क, अपुरी रॅम आणि चालू होतानाच मागे लागणारी डझनभर सॉफ्टवेअर. खरा व्हायरस हल्ली सहसा गवगवा करत नाही. तो गुपचूप बसून पासवर्ड नेतो आणि संगणक मात्र पूर्वीसारखाच चालत राहतो. दोन्हींचा बंदोबस्त घरच्या घरी करता येतो. दिवाळीआधी माळ्यावरची भांडी खाली उतरतात, पंखे पुसले जातात, कोपऱ्यातली जळमटे निघतात. त्या यादीत संगणकही धरावा, असे घरी संगणक असलेल्या प्रत्येक कुटुंबाला आवाहन आहे. एका रविवारचे काम आहे.

कशालाही हात लावण्याआधी फोटो, मुलांचे दाखले, हिशेबाच्या फायली यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. मग पेटी उघडावी. घरोघर जिला ‘सीपीयू’ म्हणतात ती पेटी म्हणजे खरे तर कॅबिनेट. सीपीयू आत, पंख्याखाली दडलेला असतो. संगणक बंद करून वायर काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा मागे सरकतो.

आतले दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. पंख्याच्या पात्यांवर करडी साय धरलेली असते, आणि पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये धूळ, केस आणि उदबत्तीची काजळी मिळून नमद्यासारखा थर जमलेला असतो. प्रोसेसरची उष्णता याच पट्ट्यांतून बाहेर पडायची असते. वाट बंद झाली की तो तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. ‘दुपारी फार स्लो होतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

ही धूळ रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशने सोडवावी आणि ब्लोअरने उडवावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, कारण त्याच्या नळीवर तयार होणारी स्थिर वीज नाजूक चिपांना मारक ठरते. वीज पुरवणारी एसएमपीएसची डबी बाहेरून झाडावी, पण कधीच उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज राहते. लॅपटॉप उघडण्याचे काम मेकॅनिककडे द्यावे. घरी पाळण्याचे पथ्य एकच : तो गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये, खालच्या जाळ्या बंद होतात. पडद्यासाठी चष्मा पुसण्याचे मऊ कापड पाण्याने जेमतेम ओलसर करून वापरावे. काच पुसण्याचा निळा द्रव पडद्यावर मारू नये, त्याने वरचा लेप उतरतो.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या पावसाळ्यात शत्रू धुळीपेक्षा दमट हवा. चार दिवस गावाला जाऊन यावे, बटण दाबावे, तर पडदा काळा आणि आतून बीप-बीप. यावर दुरुस्तीवाले करतात तो उपाय कोणालाही जमण्यासारखा आहे. वीज तोडून रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून काढावी, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला पांढरा खोडरबर हलकेच फिरवावा, भुगा ब्रशने झाडावा आणि पट्टी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत परत बसवावी. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ चालू ठेवलेला बरा, त्याच्याच उष्णतेने आतली ओल सुकते. मागच्या रिकाम्या फटींना पट्ट्या लावाव्यात. उबेला येणाऱ्या पाली, मुंग्या आणि झुरळे यांनी बंद पाडलेले मदरबोर्ड दुरुस्तीच्या दुकानांत नवलाचे राहिलेले नाहीत.

पेटी उघडी आहे तोवर मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलकडेही पाहावे. तो सीआर २०३२ जातीचा, घड्याळाच्या दुकानातही मिळणारा सेल असतो. तो संपला की संगणकाची तारीख दर वेळी कित्येक वर्षे मागे जाते. मग बँकेची वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, कारण त्या तारखेला बँकेचे सुरक्षा-प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते. घरचे लोक याला हमखास व्हायरस समजतात.

एवढे करून संगणक मंदच राहिला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कच्या रकान्यात आकडा सतत शंभर टक्क्यांवर असेल आणि डिस्क जुन्या पद्धतीची असेल, तर कारण सापडले. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावर पुढे-मागे धावणारी सुई. हल्लीचे विंडोज एका वेळी शेकडो लहान फायली मागते. सुई धावून धावून दमते. एसएसडी या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये हलणारा भागच नसतो. जुना संगणक भंगारात काढण्याआधी एसएसडी बसवून पाहावी आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ जीबी करावी. वेगासाठी खर्च करायचाच, तर याहून चांगला दुसरा नाही. जुन्या डिस्कवरची माहिती जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून मिळते. दुकानात त्याला ‘क्लोन’ म्हणतात. विखुरलेल्या फायली सलग लावण्याची, म्हणजे डिफ्रॅगची सवय मात्र जुन्या डिस्कबरोबरच सोडावी. एसएसडीला त्याचा उपयोग नसतो, उलट फुकटची झीज होते.

बिनखर्चाचे उपायही आहेत. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’ यादीतून नको ती सॉफ्टवेअर बंद करावीत. ती उडत नाहीत, बोलावल्याशिवाय येत नाहीत इतकेच. सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नये. सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये तात्पुरत्या फायलींची यादी मिळते, ती साफ करावी. पण त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाची ओळ असते. तिच्यावर खूण करून पुढे गेले, तर बँकेची स्टेटमेंट आणि मुलांची हॉल तिकिटे कचऱ्याबरोबर जातात.

आणि ‘पीसी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर घेऊच नयेत. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, झाडल्याने संगणक पळू लागत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टही अशा सॉफ्टवेअरचे समर्थन करत नाही. चुकीची नोंद उडाली तर विंडोज सुरूच होत नाही. घाण काढायला आणलेले हे झाडू पुष्कळदा स्वतःच घाण असतात.

आता व्हायरस. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या ‘ब्रेन’ या व्हायरसमध्ये त्यांचे नाव-पत्ता आणि फोन नंबरही होता. तो भाबडा काळ गेला. आजचा हल्लेखोर पैशासाठी काम करतो, आणि तो कुलूप फोडून क्वचितच येतो. घरातलेच कोणीतरी दार उघडून देते.

आपल्याकडचे सर्वांत रुळलेले दार म्हणजे पेनड्राइव्ह. सातबाऱ्याची किंवा प्रवेश अर्जाची प्रिंट काढायला तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, दिवसभर शेकडो पेनड्राइव्ह पाहिलेल्या संगणकाला लागतो आणि घरी परत येतो. उघडून पाहावे तर सगळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण आलेला, किंवा आत पेनड्राइव्हच्याच नावाचा एकुलता शॉर्टकट. त्यावर क्लिक केले की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डरही उघडतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. मूळ फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. अशा वेळी बाणाला हात लावू नये. आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासावा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याची सोय सुरू करावी आणि सिस्टीमच्या फायली लपवण्याची खूण काढावी. कागदपत्रे तेवढी उचलून पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. घरी परत लावायचाच नाही असा एक पेनड्राइव्ह प्रिंटसाठी वेगळा ठेवणे त्याहून सोपे. दुकानाच्या संगणकावर स्वतःचा ईमेल उघडू नये. आधारची प्रत द्यायची असेल आणि चालत असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी.

दुसरे दार ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरचे. संगणक जोडून देणारा विंडोज आणि ऑफिस फुकटात टाकून देतो, त्याबरोबर एक ‘ॲक्टिव्हेटर’ येतो, आणि तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना असते. चोराने कुत्रा बांधून ठेवायला सांगावे, तसे हे. पासवर्ड चोरणारे आणि फायलींना कुलूप ठोकून खंडणी मागणारे व्हायरस अशाच पुड्यांतून घरात शिरतात. पत्रे आणि हिशेब यांच्यासाठी लिब्रेऑफिस मोफत आणि कायदेशीर आहे, मराठी युनिकोड त्यात नीट चालते. मराठी कळफलक तर विंडोजमध्येच असतो.

तिसरे दार भीतीचे. एखादी वेबसाइट पाहताना अचानक पडदा भरून लाल इशारा येतो, भोंगा वाजतो आणि ‘ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असे बजावले जाते. खरा इशारा फोन नंबर देत नाही. अशा वेळी टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. तेही न जमल्यास बटण दाबून धरून संगणक बंद करावा. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पडदा त्याच्या हाती देणारे ॲप कधीही घेऊ नये. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवावे, भोंगा वाजल्यावर समजावणे अवघड जाते. पडद्याच्या कोपऱ्यात सारखे ‘पाच व्हायरस सापडले’ असे येत असेल, तर कधीतरी कुठल्यातरी साइटला ‘अलाउ’ म्हटलेले असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’मधून ती साइट काढली की कटकट थांबते.

संरक्षणाचा विचार करताना अँटिव्हायरस आधी आठवतो, पण त्याच्याही आधी येते अपडेट. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ पासून जगभरचे संगणक कुलूपबंद केले. तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ‘नंतर करू’ म्हणणारे सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने तेच भोक वापरले, आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम अडले.

विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहेत. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६ ची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि बऱ्याच जुन्या संगणकांत ती नसते. अशा संगणकावर लिनक्स मिंट मोफत टाकता येते. ब्राउझर, ईमेल आणि पत्रलेखन एवढ्या वापराला ते पुरते. विंडोज ७ अजून चालवणाऱ्यांनी त्यावर नेटबँकिंग आजच थांबवावे.

पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांच्या दुकानातून नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले, त्या काळी अँटिव्हायरस वेगळा घेण्यावाचून इलाज नव्हता. आज विंडोजमध्ये डिफेंडर असतोच आणि काळजीने वापरणाऱ्या घराला तो पुरतो. विकतचा घेतला तरी एकच ठेवावा. दोन अँटिव्हायरस एकमेकांवरच पहारा करत बसतात. संशय आल्यास डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा, तो विंडोज सुरू होण्याआधी तपासणी करतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही मोफत आहेत. रोजच्या वापराचे आणि मुलांचे खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नसावे, म्हणजे पासवर्ड विचारल्याशिवाय नवे सॉफ्टवेअर सिस्टीममध्ये हात घालू शकत नाही.

घात झालाच तर आधी इंटरनेट तोडावे, आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येते ती या घाईमुळेच. फायलींना कुलूप लागले असेल तर खंडणी देऊ नये, किल्ली मिळेलच असे नसते. युरोपोल आणि नेदरलँड्सचे पोलीस यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमात काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. बाकी भरवसा कपाटातल्या त्या डिस्कचा, आणि ती संगणकाला कायम जोडलेली असेल तर तिच्यावरही तेच कुलूप लागलेले असते.

साफसफाईत निघालेली जुनी हार्ड डिस्क रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊ नये. फायली डिलीट केल्या किंवा घाईचा फॉरमॅट मारला, तरी त्या परत काढता येतात. डिस्क चालू असेल तर सावकाशीचा पूर्ण फॉरमॅट करावा. बंद पडलेली असेल तर ड्रिलने तबकडीच्या आरपार दोन-तीन भोके पाडावीत. एसएसडी असेल तर आतल्या चिपा फोडाव्यात. मग ती ई-कचरा संकलन केंद्रात जमा करावी.