कुलूप त्यांचे, कोठार आमचे

व्यावसायिक आज्ञावली मुक्तस्रोत करावी काय, असा प्रश्न निघाला की 'ज्याचे श्रम त्याची मालमत्ता' हे उत्तर ठरलेले असते. श्रमांचे मोल आम्हीही नाकारत नाही. पण श्रम नेमके कोणाकोणाचे?

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तरीही पुढची अनेक वर्षे मराठी टंकांचे निर्माते आपापली संकेतरचना वापरत राहिले. टंक हाताशी नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा! आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या जुन्या फायलींचे तेच झाले. संगणक बदलला, कुलूप चालेना. 'ती आवृत्ती आता बंद झाली' एवढेच उत्तर मिळाले. विद्यार्थ्यांचे पहिलेवहिले लेख आम्ही छापील अंक समोर ठेवून पुन्हा टंकित केले. या आज्ञावल्यांतले दोष हुडकणारे, पळवाटा शोधणारे, नवख्यांना कळफलक शिकवणारे बिनपगारी हात वापरकर्त्यांचेच होते. त्यांची मालकी मात्र शून्य.

'मुक्त केले तर कंपनी जगेल कशी?' हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चालता धंदा लुटा, असे आम्ही म्हणत नाही. पण मेलेल्या धंद्याचे काय? 'ब्लेंडर' ही त्रिमित चित्रणाची आज्ञावली बनवणारी कंपनी २००२ साली बंद पडली. गुंतवणूकदारांनी स्रोताची किंमत १,००,००० युरो सांगितली. वापरकर्त्यांनी सुमारे सात आठवड्यांत ती जमवली आणि त्याच ऑक्टोबरात स्रोत मुक्त झाला. त्याच ब्लेंडरवर तयार झालेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. कंपनी गेली, आज्ञावली जगली; कारण तिला सांभाळणारा समाज आधीपासूनच उभा होता. असा समाज नसेल, तर नुसता स्रोत उघडून काही साधत नाही, हेही खरे.

आमची मागणी म्हणून दुहेरी आहे. फायलींची रचना आणि संकेततक्ते पहिल्या दिवसापासून जाहीर असावेत. आणि विक्री व देखभाल थांबताच स्रोत खुला व्हावा. त्यात इतरांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतील तर ते वगळावेत, उरलेले द्यावे. शासन आणि विद्यापीठे जनतेच्या पैशाने खरेदी करतात. ही अट खरेदीच्या करारातच घालायला त्यांना कोणी अडवले आहे?

कुलूप करणाऱ्याला त्याचे दाम जरूर मिळावे. पण दुकान बंद करताना त्याने किल्ली विहिरीत टाकावी आणि आतल्या धान्यावर आम्ही पाणी सोडावे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.